माळ्यावरची मैफल

साताऱ्याच्या यादोगोपाळ पेठेतले आमचे जुने घर रिकामे करताना माळ्यावर स्पूल टेपचे एक खोके सापडले. झाकणावर वडिलांच्या अक्षरात एकच शब्द होता : 'मिरज'.

मीरासाहेबांच्या दर्ग्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीतसभा होते, हे आम्हां सांगली-मिरजकरांना सांगायला नको. सत्तरच्या दशकात वडील ट्रंकेएवढा टेपरेकॉर्डर घेऊन साताऱ्याहून रेल्वेने तिथे जात. खुद्द खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या काळची तबकडी तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात अख्खा राग उरकायचा! अत्तराच्या फायावरून बाग ओळखावी, तसे आपण त्यांचे गाणे ऐकतो. मैफलीची हौशी ध्वनिमुद्रणे म्हणूनच मोलाची.

ती किती मोलाची, हे मला एका परक्या संगीताने शिकवले. एका माजी विद्यार्थ्याने बिल इव्हान्स या अमेरिकन पियानोवादकाची जॅझ मैफल ऐकवली. सोबत एडी गोमेझचा बास आणि मार्टी मोरेलचे ड्रम, तिघेच वादक. २३ ऑक्टोबर १९६८ च्या रात्री न्यूयॉर्कच्या 'टॉप ऑफ द गेट'मध्ये जॉर्ज क्लाबिन या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ती टिपली. इव्हान्स १९८० साली वारला. मैफल प्रसिद्ध झाली ती २०१२ साली, तब्बल ४४ वर्षांनी!

मला जॅझमधले ओ की ठो कळत नाही. पण त्या एका रात्रीत 'एमिली' ही धून तिघांनी दोनदा वाजवली आहे, आणि दोन्ही वेळा ती निराळी आहे. म्हटले, अरे, ही तर आपलीच बैठक! चीज तीच, पण कालचा यमन आज पुन्हा होत नाही.

मग मोठ्या आशेने आमची टेप एका जाणकाराकडून संगणकावर उतरवून घेतली. ऐकू काय यावे? 'अध्यक्षमहाशय, पूज्य गुरुजनवर्ग...' नऊ वर्षांचा मी! शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेची तयारी मी त्याच टेपवर केली होती. वडिलांना ते कळले होते की नाही, कोण जाणे. ते कधी बोलले नाहीत. आणि आता विचारायला ते नाहीत.

भाषण संपते, खट्ट आवाज होतो, आणि एकदम तानपुरे घुमू लागतात. भैरवी चाललेली असते. उरली आहेत फक्त अकरा मिनिटे. गायक कोण, ते कळत नाही. पण एका समेवर अगदी माईकजवळून 'वा!' येते. तो आवाज वडिलांचा आहे.

वाचकहो, तुमच्याही माळ्यावर असे एखादे खोके असेल. ते रद्दीत घालू नका, आणि घाईने जुन्या यंत्रावर चढवूही नका. ओल लागलेली फीत तुटते. जाणत्या माणसाकडे न्या. आमच्याकडे अकरा मिनिटे उरली; तुमच्याकडे कदाचित सगळी रात्र असेल.