मूर्ती लहान, आवाज महान

‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी फाटकावर दिसली की पाहुण्याच्या डोळ्यांसमोर जो प्राणी उभा राहतो, तो हमखास वासराएवढा असतो. भीत भीत आत पाऊल टाकावे, तर तो वासराएवढा ग्रेट डेन पडवीत पाय ताणून पडलेला. एक डोळा किलकिला करून तो पाहुण्याची नोंद घेतो आणि पुन्हा झोपी जातो. शेजारच्या घरावर पाटी नसते. तेथे मात्र दार उघडताच कोचाखालून पांढऱ्या लोकरीचा गुंडा सुटतो आणि पाहुण्याच्या पायांभोवती असा काही आकांत मांडतो, की घरात जणू दरोडाच पडला आहे! ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ ही म्हण या जिवाला लावायची झाली, तर कीर्तीच्या जागी आवाज हा शब्द घालावा लागेल.

हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की आपण तो हसण्यावारी नेतो. पण मोठे कुत्रे शांत आणि लहान कुत्रे चिडके, हे खरेच आहे काय? असल्यास त्यात कुत्र्याच्या रक्ताचा वाटा किती, आणि त्याला वाढवणाऱ्या हाताचा किती? प्रश्न विचार करण्याजोगा आहे. जुन्या वाड्यांच्या जागी सदनिका उभ्या राहिल्या, अंगणे गेली, आणि मांडीवर मावणारी कुत्री आपल्या इंदुरातही घरोघर आली आहेत.

प्रथम पुरावा पाहू. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली तीसहून अधिक जातींच्या कुत्र्यांच्या मालकांकडून प्रश्नावल्या भरून घेतलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात माणसांवर आणि इतर कुत्र्यांवर धावून जाण्यात डॅक्सहुंड आणि चिहुआहुआ या बुटक्या जाती आघाडीवर निघाल्या. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, ग्रेहाउंड ही थोराड मंडळी मात्र सौम्यांच्या यादीत होती. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली ऐंशी जातींची पाहणी करून असे दाखवले, की जातीची उंची जसजशी कमी होत जाते, तसतशा भित्रेपणाच्या, चिडकेपणाच्या आणि मालकाला चिकटून राहण्याच्या तक्रारी वाढत जातात. तेव्हा आपला अनुभव अगदीच निराधार नाही.

याचे पहिले कारण इतिहासात आहे. आज दिवाणखान्यात लोळणारा कुत्रा एके काळी कामकरी होता, आणि काम सुटले तरी कामाचा स्वभाव सुटत नाही. डॅक्सहुंडचेच पाहा. जर्मन भाषेत या नावाचा अर्थ ‘बॅजरचा कुत्रा’ असा आहे. बॅजर हा बिळात राहणारा, अणकुचीदार नखांचा, कोंडीत सापडला की जिवावर उदार होणारा प्राणी. त्याच्या काळोख्या बिळात शिरून, धनी जवळ नसताना, एकट्याने त्याला तोंड द्यायचे आणि कोठे खणावे हे वरच्या शिकाऱ्याला कळावे म्हणून आतून भुंकत राहायचे, हे डॅक्सहुंडचे काम. भित्रा किंवा मुका कुत्रा तेथे काय कामाचा? पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून ज्याच्या अंगी धिटाई आणि आवाज बाणवला, तो आता दारावरची घंटा वाजताच गप्प बसावा, ही अपेक्षा आपलीच चुकते.

पॉमेरेनियनची कथा निराळी. उत्तरेकडील बर्फाळ मुलुखातल्या स्पिट्झ घराण्याचा हा वंशज पूर्वी चांगला मोठा होता. राणी व्हिक्टोरियाने १८८८ साली फ्लॉरेन्सहून एक लहानखुरा पॉमेरेनियन आणला आणि बुटक्या पॉमेरेनियनची टूम निघाली. देह आखडत गेला, पण राखणदाराचा कान आणि कंठ तसाच राहिला. राहुटीपुरता आवाज आता दोन खोल्यांत घुमतो, एवढाच फरक!

मोठ्यांचेही तसेच आहे. मुधोळ हे घोरपड्यांचे मराठी संस्थान आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. तेथील मालोजीराजे घोरपड्यांनी ज्या सडपातळ, लांब पायांच्या शिकारी कुत्र्यांना राजाश्रय दिला, ते मुधोळ हाउंड या नावाने प्रसिद्ध झाले. २००५ साली आपल्या टपाल खात्याने त्यांचे तिकीटही काढले. हा कुत्रा सावज नजरेने हेरतो आणि वेगाने गाठतो. ससा पळत असताना भुंकत बसणारा कुत्रा उपाशी राहील. म्हणून या घराण्यात तोंड कमी आणि पाय अधिक. अनोळखी माणसाने लगट केलेली त्याला आवडत नाही, पण त्यासाठी तो घर डोक्यावर घेत नाही.

दुसरे कारण उंचीचे. दोन-अडीच किलो वजनाच्या जिवाच्या जागी क्षणभर स्वतःला ठेवून पाहा. माणसाचा जोडा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आदळत येतो. प्रेमाने पुढे केलेला हात घारीसारखा वरून उतरतो. ज्याला येईल त्याने उचलावे, कुरवाळावे, पुन्हा खाली ठेवावे. त्याच्या मर्जीचा प्रश्नच नाही. ग्रेट डेनला न विचारता कोण उचलणार? तेव्हा लहान कुत्र्याच्या गुरगुरण्यात आपल्याला जो उर्मटपणा दिसतो, तो पुष्कळदा निव्वळ धास्तीचा उद्गार असतो.

तिसरे कारण मात्र आपल्याला आरशापुढे उभे करणारे आहे. व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली सुमारे पावणेतेराशे श्वानपालकांची उत्तरे तपासली. वीस किलोंच्या आतले ते लहान आणि त्यापुढचे ते मोठे, अशी त्यांनी वाटणी केली. लहान कुत्री कमी आज्ञाधारक, अधिक उतावीळ, अधिक चिडकी निघाली खरी. पण त्यांचे मालकही वेगळे निघाले. ते कुत्र्याला शिकवण्यात आणि त्याच्याशी खेळण्यात कमी वेळ घालवत, आणि आज मुभा तर उद्या मनाई असा त्यांचा कारभार असे. वारंवार शिक्षा करणाऱ्यांची कुत्री, लहान असोत की मोठी, अधिक आक्रमक होती. लहानांच्या बाबतीत शिक्षेबरोबर भित्रेपणाही वाढलेला दिसला.

यात नवल ते काय? लॅब्राडोरने पाहुण्याच्या अंगावर उडी घेतली तर पाहुणा आडवा होतो. म्हणून त्याला चार महिन्यांचा असतानाच ‘बस’ म्हटले की बसायला शिकवले जाते. पॉमेरेनियनने तीच उडी घेतली तर सारे घर टाळ्या पिटते. मोठा गुरगुरला की घरात चिंता पसरते, लहान गुरगुरला की त्याचे कौतुक पाहुण्यांना पुन्हा करून दाखवले जाते. त्याने दोनदा गुरगुरून सांगितले, कोणी ऐकले नाही. तिसऱ्यांदा तो दाताने सांगतो. आणि तो दात बहुधा घरातल्या लहान मुलाच्या हातात किंवा गालात रुततो, कारण खेळणे समजून त्याला सर्वांत जास्त तेच कवटाळते.

येथे गंमत संपते. दात इवलासा असला तरी जखम ती जखमच. कुत्रा घरचा आहे म्हणून तिकडे दुर्लक्ष करू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच डॉक्टर गाठावा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. वेळीच घेतलेली लस मात्र जीव वाचवते.

मोठा कुत्रा शांत म्हणून निर्धास्त राहावे, असेही नाही. तो क्वचित चावतो, पण चावला तर मोठा घाव करतो. शिवाय त्याचा शांतपणा त्याच्या व्यायामावर उभा असतो. मुधोळ हाउंडला गच्चीत बांधून ठेवले, तर तो दाराची चौकट कुरतडील, आणि दोष त्याच्या जातीला लागेल.

जातीवरून स्वभाव ठरवण्याची आपली सवयही जरा आवरलेली बरी. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या माहितीवर आधारलेले एक अमेरिकी संशोधन २०२२ साली प्रसिद्ध झाले. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्याचा अवघा नऊ टक्के भाग जातीवरून सांगता येतो, असे त्यात आढळले. व्यक्ती तितक्या प्रकृती, हे श्वानकुळालाही लागू आहे. रागीट ग्रेट डेन असतो आणि गाईसारखा गरीब डॅक्सहुंडही असतो.

मग करावे काय? लहान कुत्र्याला कुत्रा समजावे, बाहुली समजू नये. त्याला उचलण्याआधी खाली बसून हाक मारावी आणि तो आपण होऊन आला तरच घ्यावे. आज जे नको ते उद्याही नको, असा नियम साऱ्या घराने पाळावा. त्याला रोज फिरवावे, आणि फिरवताना चालू द्यावे. तो गुरगुरला तर हसू नये, मारूही नये. कशाला भ्याला ते पाहावे. मोठ्या कुत्र्याला आपण शिस्त लावतो, कारण आपल्याला त्याची भीती वाटते. लहान कुत्र्याला ती अधिकच प्रेमाने लावली पाहिजे, कारण तेथे भ्यालेला असतो तो कुत्रा.