गोष्टीतल्या पिस्तुलाला गोळ्या किती?

सिनेमातला नायक मॅगझीन न बदलता गोळ्या झाडत सुटतो, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. विज्ञानकथेत तर आणखी सोय! 'भविष्यातलं पिस्तूल' म्हटलं की हिशेबच नको.

माझ्या नववीतल्या भाचीने अशीच कथा लिहायला घेतली आहे. तारीख २ ऑगस्ट २१५४, म्हणजे आपलं सिल्वासा मुक्त झालं त्याला बरोबर २०० वर्षं. दमणगंगेच्या काठी नायिका एकटी, हातात विजेवर चालणारं पिस्तूल. त्यात दारू नाही. चुंबकीय बळाने धातूची गोळी सुटते.

"मामा, हिच्या गोळ्या संपतच नाहीत."

"मग वाचणाऱ्याला काळजी कशाची वाटणार?" मी विचारलं. मग आम्ही वही काढली.

आजच्या ९ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी साधारण ८ ग्रॅमची आणि वेग सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास, म्हणजे ऊर्जा सुमारे ५०० ज्यूल. आमची गोळी आम्ही १ ग्रॅमची ठरवली. तेवढ्याच ऊर्जेसाठी तिला सेकंदाला १,००० मीटर वेग हवा. फायदा असा, की हाताला बसणारा धक्का जवळजवळ एक-तृतीयांश होतो. तोटा हा, की हलकी गोळी हवेत लवकर मंदावते.

आता वीज. मोबाइलच्या ५,००० एमएएच बॅटरीत जवळपास ७०,००० ज्यूल असतात. "म्हणजे १४० गोळ्या!" भाची खूश. पण १० सेंटिमीटरची नळी ही गोळी एका सेकंदाच्या पाच हजाराव्या भागात पार करते. तेवढ्यात ५०० ज्यूल द्यायचे म्हणजे २५ लाख वॉट. दीड हजार वॉटचे सोळाशेहून जास्त गिझर एकदम लावल्यासारखं! बॅटरीला ते झेपणार नाही. ऊर्जा आधी कपॅसिटरमध्ये साठवायची, त्याला वेळ द्यायचा, आणि त्यातलीही बरीच उष्णतेत वाया जाणार.

शेवटी ठरलं : गोळ्या १२, आणि दोन गोळ्यांमध्ये ३ सेकंद थांबायचं. त्या ३ सेकंदांनीच कथेत जीव आला. झाडायची की राखून ठेवायची, हा विचार नायिकेला पहिल्यांदाच करावा लागला.

हा विचार १९५४ मध्ये इथे आलेल्या तरुणांनाही चुकला नव्हता. त्यांच्यात गायक-संगीतकार सुधीर फडके होते. शस्त्रं मोजकीच होती, आणि त्यांच्यासाठी पैसा उभा करायला पुण्यात लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला होता. गाण्याच्या तिकिटांतून आलेली गोळी कोण उधळेल?

तेव्हा मुलांनो, कथेत हवं ते शस्त्र बनवा. फक्त त्याची गोळी फुकट देऊ नका.