लाकडी जहाजाचे दुखणे

लाकूड पाण्याने कुजते, असे आपण सहज बोलून जातो. पावसाळ्यात मोरीच्या दाराची चौकट खालून भुसभुशीत झाली की दोष पाण्यालाच देतो. पण मग जहाजाचा तळ वर्षानुवर्षे समुद्रात बुडालेला असतो, तो सर्वांआधी कुजायला हवा. प्रत्यक्षात जुने लाकडी जहाज दुरुस्तीला काढले म्हणजे पाण्याखालच्या फळ्या पुष्कळदा शाबूत निघतात. कूज सापडते ती वर, डेकच्या खाली आणि केबिनच्या कोपऱ्यांत. हे कोडे सुटले म्हणजे दुरुस्तीचे निम्मे शास्त्र हाती आले, असे आम्हांस वाटते.

लाकूड कुजवणारी खरी वस्तू म्हणजे बुरशी. तिला अन्न, ओलावा, हवा आणि ऊब ह्या चार गोष्टी लागतात. अन्न म्हणजे खुद्द लाकूडच. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या शेकडा २० च्या खाली राहिला तर बुरशीची वाढ होत नाही. तो ३० च्या आसपास गेला की तिचे फावते. उलट लाकूड पाण्याने गच्च भरले तर आत हवा उरत नाही आणि बुरशी गुदमरते. शिवाय मीठही तिला मानवत नाही. म्हणून समुद्रात बुडालेला तळ ह्या रोगापासून बराच सुरक्षित असतो. त्याचे वैरी निराळे; लाकूड पोखरणारे सागरी किडे हे त्यांतले मुख्य. वरच्या भागाचा वैरी मात्र पावसाचे गोडे पाणी. ते डेकच्या एखाद्या फटीतून झिरपते आणि जिथे वारा लागत नाही तिथे मुरून बसते. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचे जुने जहाजबांधे फासळ्यांच्या मधल्या पोकळीत मीठ भरून ठेवीत, ते ह्याच कारणासाठी.

एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. ‘सेक्वोया’ ही मोटारनौका १९२५ साली अमेरिकेत न्यू जर्सीतील कॅम्डेन येथे बांधली गेली. जॉन ट्रंपी हे तिचे रचनाकार. लांबी १०४ फूट, फासळ्या ओकच्या आणि बाहेरच्या फळ्या पिवळ्या पाइनच्या. १९३१ मध्ये ती सरकारने घेतली आणि पुढे कित्येक राष्ट्राध्यक्षांनी ती वापरली. १९७४ साली आपण राजीनामा देणार हे निक्सन ह्यांनी कुटुंबीयांना सांगितले, ते ह्याच नौकेवर. १९७७ मध्ये कार्टर ह्यांच्या कारकीर्दीत ती विकली गेली. पुढे मालकीचा तंटा न्यायालयात गेला आणि नौका व्हर्जिनियातील एका आवारात जमिनीवर पडून राहिली. २०१६ च्या निकालात तिच्या जर्जर अवस्थेचे वर्णन आहे; रॅकून नावाच्या प्राण्यांनी तिच्यात बिऱ्हाड केले होते! एका पैही न देता ती ताब्यात घेण्याची मुभा न्यायालयाने दुसऱ्या पक्षाला दिली. २०१९ मध्ये तिला दुसऱ्या तराफ्यावर चढवून दुरुस्तीसाठी मेन राज्यातील बेलफास्ट येथे न्यावे लागले. पाण्यात जिने पन्नास वर्षे सेवा केली, ती किनाऱ्यावर पडून राहिली आणि खंगली.

आता अशा नौकेची दुरुस्ती कशी करतात ते पाहू. पहिले काम रोगाच्या निदानाचे. रंग फार लबाड असतो. त्याच्या चकचकीत थराखाली फळी पोकळ झालेली असू शकते. म्हणून कारागीर लहान हातोडीने ठोकत जातो. निरोगी लाकूड खणखणीत बोलते, कुजलेले बद्द वाजते. संशयाच्या जागी टोचणी दाबली की ती लोण्यात शिरावी तशी आत जाते. काही जातींची बुरशी लाकडातले सेल्युलोज खाते आणि तपकिरी लिग्निन मागे ठेवते. मग लाकूड उभ्या-आडव्या भेगांनी तडकून त्याचे चौकोनी तुकडे पडतात. ते बोटांनी चुरडता येतात. डोळ्यांना दिसते त्याच्या पलीकडेही बुरशीचे तंतू पसरलेले असतात. म्हणून कापताना निरोगी दिसणारे लाकूडही काही अंतरापर्यंत काढावे लागते.

दुसरे काम आधार देण्याचे. जहाजाचा आकार कोणा एका तुळईत नसतो. तो कणा, फासळ्या आणि फळ्या ह्यांच्या परस्पर बांधणीत असतो. सर्व कुजलेल्या फासळ्या एकदम उपटल्या तर टोके खाली झुकतात, पाठीला कुबड येते आणि मूळ आकार पुन्हा मिळत नाही. म्हणून बाहेरून जागोजाग टेकू लावतात आणि फासळ्या एकेक करून, एक सोडून एक, बदलतात. नवी फासळी वाफेच्या पेटीत शिजवून वाकवतात. जाडीच्या दर इंचाला सुमारे एक तास वाफ, हा कारागिरांचा ठोकताळा. फळीचा किंवा तुळईचा तुकडा बदलायचा तर सरळ सांधा उपयोगाचा नाही. दोन्ही टोके लांब तिरकी तासून एकमेकांवर बसवतात. उताराची लांबी जाडीच्या आठ ते बारा पट ठेवली म्हणजे ओढ सांध्यावर एकवटत नाही. फळ्यांच्या फटींत शेवटी कापूस ठासतात. नौका पाण्यात उतरली की लाकूड फुगते आणि फटी आवळल्या जातात.

इथे कोणी विचारील की आता इपॉक्सीसारखी राळ मिळते, ती भोकांत ओतली म्हणजे काम भागणार नाही का? शोभेच्या पट्टीला भागेल. पण जी फासळी लाटांचा मार झेलते तिला हे चालणार नाही. राळ भुसभुशीत भाग टणक करते. पण ज्या तंतूंनी भार पेलायचा ते बुरशीने आधीच खाल्लेले असतात. शिवाय ओलावा आत कोंडला गेला तर बाजूच्या लाकडात कूज चालूच राहते. त्यापेक्षा टाकणखाराच्या जातीची क्षारद्रव्ये बरी. ती ओलसर लाकडात मुरतात आणि बुरशीला अन्न पचू देत नाहीत. मात्र पाण्याने धुपतात, म्हणून त्यांवर रंगाचे पांघरूण हवे. आणि ज्या फटीतून पाणी आले ती फट बुजवली नाही, बंद कोपऱ्याला वारा दिला नाही, तर नवी फासळी जुन्याच वाटेने जाणार.

आपल्याकडे ही गोष्ट अगदी अपरिचित नाही. मुंबईच्या गोदीत १८१७ साली पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका वाडिया घराण्यातील जमशेटजी बमनजी ह्यांच्या देखरेखीखाली मलबारी सागवानाची बांधली गेली. अनेक वर्षांच्या दुरुस्तीनंतर ती इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे. सागाच्या अंगच्या तेलाला त्याचे श्रेय आहे, तसे दुरुस्ती करणाऱ्या हातांनाही आहे. कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात होड्या वर ओढून त्यांवर झावळ्यांचे किंवा ताडपत्रीचे छप्पर घालतात. बुरशीचे शास्त्र न वाचताही त्या कोळ्याने समुद्राच्या नव्हे, आभाळाच्या पाण्यापासून होडी जपली.

इतक्या फळ्या आणि फासळ्या बदलल्यावर ती नौका तीच राहिली का, हा तत्त्वज्ञांचा जुना प्रश्न आहे. सुतार त्याला साधे उत्तर देतो. बदल एकेक करून झाला आणि आकार ढळला नाही, तर नौका तीच. सगळे एकदम कोसळेपर्यंत वाट पाहिली, तर उरते ती केवळ नक्कल. डेकवरची एक फट वेळेवर बुजवायला एक दुपार पुरते. ती दुपार कोणी काढली नाही, म्हणजे पुढे सबंध सांगाडा उसवावा लागतो.