जर्मनीला निघालेल्या देवास-धारच्या मुलांसाठी

परवा देवासला मैत्रिणीची मुलगी भेटली. ऑक्टोबरपासून म्युनिकला मास्टर्स. पहिला प्रश्न, "मावशी, तिथे अटेंडन्स किती टक्के लागतो?"

बहुतेक लेक्चर्सना लागतच नाही! (लॅब, सेमिनारचं वेगळं.) आपली मुलं घसरतात ती इथेच.

हिशेब बघा. १ ईसीटीएस क्रेडिट म्हणजे साधारण ३० तास काम. ५ क्रेडिटचा विषय म्हणजे १५० तास, त्यातले निम्म्याहून जास्त वर्गाबाहेरचे. दर आठवड्याला गणितांचा कागद मिळतो. नाही सोडवला तरी सहसा कुणी ओरडत नाही, परीक्षेतच कळतं.

मी धारहून आखेनला गेले, तेव्हा सर नोट्स कधी देतात याची वाट बघत वही उघडून बसायचे. सर मात्र विचारायचे, "हीच पद्धत का?" शेजारचा मुलगा खुशाल म्हणायचा, "मला पटत नाही." सर खूश!

मार्क उलटे: १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. आजीला आधीच सांगून ठेवा.

वेळेपुढे 'सी. टी.' असेल तर वर्ग १५ मिनिटं उशिरा सुरू होतो. तास संपला की टाळ्या नाहीत, बाकावर टकटक.

व्हिसाला एपीएस सर्टिफिकेट लागतं, अर्ज लवकर करा.

काही अडलं तर खाली विचारा. हिंदीत लिहिलंत तरी चालेल, आपण माळव्यातलेच!