उंबरठ्याच्या आतली टोळी

१३ जानेवारी २०२५, भोगीचा दिवस. केज तालुक्यातल्या मस्साजोगमध्ये एक भाऊ पाण्याच्या टाकीवर चढला. आपल्या भावाच्या खुनामागे वाल्मिक कराडचा हात असल्याचा त्याचा आरोप होता आणि कराडवर संघटित गुन्हेगारीविरोधी मकोका कायदा लावा, ही मागणी. खाली गाव गोळा झालं होतं, मराठा आंदोलक मनोज जरांगे आणि पोलीस अधिकारी त्याला उतरण्यासाठी विनवत होते. दुसऱ्या दिवशी, ऐन संक्रांतीला, परळीत पोलीस ठाण्यासमोर कराडच्या वृद्ध आईने ठिय्या मांडला. मुलाला नाहक गोवलं जातंय, हे तिचं गाऱ्हाणं. त्याच दिवशी कराडवर मकोका लागला आणि परळी बंद झाली.

एकाच जिल्ह्यातली दोन घरं सणासुदीला रस्त्यावर आली होती. एका घराला कर्त्या माणसाच्या खुनाचा न्याय हवा होता, दुसऱ्याला कोठडीतला मुलगा परत हवा होता.

मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण झालं आणि त्याच दिवशी अमानुष मारहाणीत त्यांचा जीव गेला. त्याआधी तीन दिवस, गावाजवळच्या पवनचक्की प्रकल्पाच्या आवारात काही तरुणांनी सुरक्षारक्षकाला मारलं होतं आणि सरपंच मध्ये पडले होते. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेली दोन कोटींची खंडणी, तिच्या आड आलेला सरपंच आणि त्याचा खून, असा धागा तपास यंत्रणेने आरोपपत्रात जोडला आहे. कराड त्यातला क्रमांक एकचा आरोपी. ३१ डिसेंबरला तो पुण्यात सीआयडीला शरण आला. त्याने आरोप नाकारले आहेत आणि दोषी कोण, हे ठरवणं बीडच्या विशेष न्यायालयाचं काम आहे. मार्च २०२५ मध्ये मारहाणीची छायाचित्रं बाहेर आली तेव्हा सारं राज्य हादरलं. कराड ज्यांचा निकटवर्तीय म्हणून ओळखला जात होता, त्या धनंजय मुंडे यांनी ४ मार्चला मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

त्या महिन्यांत बीडच्या चहाच्या टपऱ्यांवर ‘आका’ हा एकच विषय होता. पण ज्याला लोक आका, म्हणजे पडद्यामागचा म्होरक्या, म्हणतात, अशा कोणत्याही माणसाची चर्चा निघाली की एक वाक्य हमखास कानावर येतं: माणूस घरी चांगला आहे. आईला जपतो, लेकरांवर जीव टाकतो, अडीनडीला धावतो, गरिबाच्या लेकीचं लग्न लावून देतो. सिनेमाने तर या माणसाला नायक केलं. घर एका बाजूला ओढतंय, टोळी दुसऱ्या बाजूला आणि मधे तो बिचारा फाटतोय, अशी त्याची कथा. महाराष्ट्रातल्या टोळ्यांचा प्रत्यक्ष इतिहास मात्र वेगळं सांगतो. टोळी घराच्या जिवावर उभी राहते. तिला लागणारा विश्वास, पैसा दडवायची जागा, आपलं म्हणणारी माणसं आणि सूड घ्यायचं कारण, हे सगळं तिला घरच पुरवतं.

भाऊ गेला, मेहुणा गेला

याचा सर्वात ठसठशीत पुरावा भायखळ्याच्या दगडी चाळीत सापडतो. अरुण गवळी हा गिरणी कामगाराचा मुलगा. त्याच्या तरुणपणी मध्य मुंबईतल्या गिरण्यांना घरघर लागली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले आणि त्यातले कितीतरी पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. चाळीतल्या बेकार पोरांना टोळ्यांनी काम दिलं, नाव दिलं, दरारा दिला. रामा नाईक, बाबू रेशीम आणि अरुण गवळी यांची टोळी याच काळात फोफावली. १९८७ मध्ये बाबू रेशीम पोलीस कोठडीत मारला गेला, १९८८ मध्ये रामा नाईक पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला आणि सूत्रं गवळीच्या हाती आली.

त्यानंतरची साखळी बारकाईने पाहण्यासारखी आहे. १९९० मध्ये गवळीचा भाऊ पापा गवळी याचा खून झाला. २६ जुलै १९९२ रोजी नागपाड्यात इब्राहिम पारकरला गोळ्या घातल्या गेल्या. तो दाऊद इब्राहिमच्या बहिणीचा नवरा. दीड महिन्याने, १२ सप्टेंबरला, दाऊदच्या माणसांनी थेट जे. जे. रुग्णालयात घुसून गोळीबार केला. उपचार घेत पडलेला गवळी टोळीचा शैलेश हळदणकर त्यात मारला गेला, शिवाय पहाऱ्यावरच्या दोन पोलीस शिपायांचा जीव गेला. भावाच्या बदल्यात बहिणीचा नवरा आणि त्याच्या बदल्यात रुग्णालयाच्या खाटेवरचा माणूस. यातलं प्रत्येक पाऊल नात्याच्या नावाने उचललं गेलं. कुटुंबावरच्या प्रेमाने या लोकांचे हात रोखले नाहीत, उलट तेच प्रेम पुढच्या खुनाचं कारण ठरलं. आणि ज्या दोन शिपायांचा या वैराशी काही संबंध नव्हता, त्यांच्या घरांनी त्याची किंमत मोजली.

पुढे गवळीने १९९७ मध्ये अखिल भारतीय सेना काढली. २००४ मध्ये तो चिंचपोकळीतून आमदार झाला. दगडी चाळीचा नवरात्रोत्सव गाजू लागला, लोक त्याला ‘डॅडी’ म्हणू लागले, मुलगी गीता नगरसेविका झाली. टोळीचा म्होरक्या कुटुंबप्रमुख झाला, असं चित्र उभं राहिलं. मग २ मार्च २००७ रोजी शिवसेनेचे नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांना घाटकोपर परिसरातल्या असल्फा इथे, त्यांच्या राहत्या घरात शिरून गोळ्या घालण्यात आल्या. या खुनासाठी ३० लाखांची सुपारी घेतल्याचं सरकार पक्षाने मांडलं. ऑगस्ट २०१२ मध्ये विशेष मकोका न्यायालयाने गवळीला जन्मठेप दिली आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम केली.

तुरुंगात असताना तो मुलाच्या लग्नासाठी पॅरोलवर आला. मे २०२० मध्ये टाळेबंदीत मुलीचं लग्न दगडी चाळीत मोजक्या माणसांत लागलं, तेव्हाही तो पॅरोलवर बाहेर होता. सतरा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढल्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या जामिनावर तो सुटला आणि घरच्यांनी त्याचं स्वागत केलं. बापाची ही ओढ खोटी होती, असं कुणी म्हणू नये. पण घरातली कार्यं त्याच्या वाट्याला रजेच्या हिशेबाने आली, आणि जामसांडेकरांच्या घराला तेवढीही सवलत मिळाली नाही.

कायदा घराकडे कसा पाहतो

१९९९ मध्ये आलेला मकोका हा कायदा अशाच टोळ्यांच्या अनुभवातून तयार झाला. आधीच्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रं आणि टोळीचं सातत्याने चाललेलं काम, या दोन गोष्टी त्यासाठी दाखवाव्या लागतात. तो लागला की आरोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते, पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो आणि जामीन फार अवघड होतो.

पण या कायद्यातलं चौथं कलम क्वचितच चर्चेत येतं. टोळीतल्या माणसाच्या वतीने ज्याच्या ताब्यात हिशेब न लागणारी मालमत्ता आहे, त्याला तीन ते दहा वर्षांची शिक्षा होऊ शकते आणि मालमत्ताही जप्त होते. जमीन बायकोच्या नावावर, फ्लॅट मेहुण्याच्या, टिप्पर पुतण्याच्या, ही रीत कायदा करणाऱ्यांना ठाऊक होती. घरातली माणसं निष्पाप असू शकतात आणि तसं असेल तर त्यांना त्रास होता कामा नये. मात्र सातबाऱ्यावर नाव लावून घेताना पैसा कुठून आला हे विचारायचं नाही, ही सोय कायद्याने ठेवलेली नाही. देशमुख खून खटल्यातही सरकार पक्षाने कराडची मालमत्ता जप्त करण्यासाठी अर्ज केला आहे.

बीडमध्ये ही पैशाची वाट समजून घ्यायला हवी. परळीच्या औष्णिक वीज केंद्रातून निघणारी राख, गोदावरीची वाळू, पवनचक्क्यांसाठी लागणाऱ्या जमिनी आणि रस्ते, यांतल्या प्रत्येक ठिकाणी गेट अडवणारा, हप्ता मागणारा कुणीतरी उभा राहू शकतो. त्याला आवाज चढवणारी चार पोरं लागतात आणि ती तो भावकीतून, गावातून, जातीतून उभी करतो. अटक झाली की हीच माणसं टॉवरवर चढतात, बाजार बंद करतात. एका माणसावरचा खटला बघता बघता अख्ख्या समाजावरचा हल्ला होऊन बसतो. देशमुख खुनानंतर जिल्ह्यात मराठा आणि वंजारी समाजात जी दरी पडली, ती अशीच. पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या नावाच्या पाट्यांवरून आडनावं काढून फक्त पहिलं नाव ठेवायला सांगितलं. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला समोरच्या फौजदाराची जात आधी दिसू नये, एवढा तो साधा विचार होता. जिल्ह्यात शस्त्रपरवाने बाराशेच्या वर गेल्याचं उघड झाल्यावर ते रद्द करण्याची मोहीमही सुरू झाली.

पालेर्मोचा बाप

घर की टोळी, या पेचात खरोखर सापडलेला आणि त्यातून बाहेर पडलेला एक म्होरक्या इतिहासात आहे. सिसिलीच्या माफियातला तोम्माझो बुशेत्ता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रतिस्पर्धी कोर्लेओने गटाने त्याचे दोन मुलगे नाहीसे केले, भाऊ आणि इतर नातेवाईक मारले. बुशेत्ता तेव्हा ब्राझीलमध्ये होता. १९८४ मध्ये त्याला इटलीच्या ताब्यात दिलं जात असताना त्याने विष घेतलं, पण तो वाचला. त्यानंतर न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने यांच्यासमोर तो बोलू लागला. माफियाची रचना, शपथा, हुकूम कुठून सुटतात, सगळं त्याने सांगितलं. त्याच्या जबानीच्या आधारावर फेब्रुवारी १९८६ मध्ये पालेर्मोत सुरू झालेल्या महाखटल्यात पावणेपाचशेच्या आसपास आरोपी होते. डिसेंबर १९८७ मध्ये त्यातल्या सव्वातीनशेहून अधिक जणांना शिक्षा झाली. बुशेत्ताने बोलायचं ठरवलं ते स्वतःची मुलं गेल्यावर. दुसऱ्यांची मुलं जात होती तोवर तोही गप्पच होता.

याच इटलीत रेज्जो कालाब्रियाच्या बाल न्यायालयाचे न्यायाधीश रोबेर्तो दी बेल्ला यांनी २०१२ पासून आणखी मुळाशी हात घातला. तिथली ‘न्द्रांगेता ही संघटना रक्ताच्या नात्यावर उभी आहे. बापाकडून मुलाकडे वैर आणि धंदा दोन्ही जातात. दी बेल्ला यांनी अशा घरातल्या किशोरवयीन मुलांना काही काळ दूर, दुसऱ्या गावी ठेवून शिक्षणाची आणि वेगळ्या जगण्याची संधी द्यायला सुरुवात केली. सुरुवातीला चिडलेल्या आयांपैकी काही जणी पुढे स्वतःच न्यायालयाकडे आल्या आणि आमच्या मुलाला इथून बाहेर काढा म्हणाल्या. घरातूनच टोळीचा दोर कापला गेला.

बीडमध्ये असं काही करायला परदेशी योजना आणायची गरज नाही. देशमुख खून प्रकरणातले बरेच आरोपी विशीतले आहेत. कुणाच्या तरी मागे गाडीत बसून फिरणं, हातात शस्त्र घेऊन रील टाकणं, यालाच मोठेपण समजणारी पोरं जिल्ह्यात कमी नाहीत. दुसरीकडे त्याच जिल्ह्यातली हजारो मुलं ऊसतोडीच्या हंगामात आईबापांसोबत फडावर जातात किंवा आजीजवळ मागे राहतात आणि तरीही शिकतात. वडिलांच्या खुनानंतर दोनच महिन्यांनी देशमुखांच्या मुलीने बारावीची परीक्षा दिली आणि पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक गुण मिळवले. या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे. ती वेळेवर सुरू होणं, तिथे जेवण आणि शिक्षक असणं, साक्षीदारांना खटला संपेपर्यंत संरक्षण मिळणं आणि पवनचक्कीच्या गेटवर हप्ता मागणाऱ्याची तक्रार पहिल्याच दिवशी नोंदवली जाणं, ही जिल्हा प्रशासनाची रोजची कामं आहेत. ६ डिसेंबरच्या मारहाणीनंतर पोलिसांनी वेळीच कडक पावलं उचलली असती, तर ९ डिसेंबर टळला असता का, हा प्रश्न मस्साजोगचे लोक आजही विचारतात. निकाल काहीही लागो, त्याचं उत्तर प्रशासनाला द्यावं लागेल.