पहिली पंगत न लाभलेला खेळाडू

फुटबॉलचा विषय निघाला की पेले, मॅराडोना, मेस्सी ही नावे आपल्या घरांतील शाळकरी मुलेही धडाधडा सांगतात. आज आम्ही ज्याची ओळख करून देत आहोत, त्या टोनी फोर्डचे नाव मात्र फारच थोड्या वाचकांच्या कानांवर आले असेल.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ग्रिम्सबी हे मासेमारीचे जुने बंदर आहे. १९५९ साली तेथे जन्मलेला हा मुलगा १९७५ मध्ये, सोळा वर्षांचा असताना, गावच्याच संघातून प्रथम मैदानात उतरला. २००१ च्या नोव्हेंबरात तो निवृत्त झाला, तेव्हा वय होते ४२ आणि लीगच्या सामन्यांची संख्या ९३१! गोलरक्षक पीटर शिल्टनचे १००५ सामने सोडल्यास तोवर इतके सामने कोणीही खेळले नव्हते. आणि नवल असे, की या ९३१ पैकी एकही सामना अव्वल श्रेणीतील नव्हता.

इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये चार श्रेणी आणि ९२ संघ आहेत. खालच्या श्रेणीतील खेळाडूचे जिणे बदलीच्या नोकरीसारखे असते. मात्र सरकारी नोकराची शाश्वती त्याला नसते. करार संपला की बिऱ्हाड पाठीवर! ग्रिम्सबी, स्टोक, वेस्ट ब्रॉमविच, पुन्हा ग्रिम्सबी, मग स्कन्थॉर्प. शिवाय संडरलंड व ब्रॅडफर्ड येथे उसनवारीवर, अशी फोर्डची भ्रमंती झाली. १९८९ मध्ये इंग्लंडच्या ‘ब’ संघातून तो दोनदा खेळला. मुख्य संघाचे दार मात्र उघडले नाही.

१९९६ मध्ये, सदतिशीत, स्कन्थॉर्पही सुटले. तो बॅरोकडे गेला. हा संघ त्या काळी चारही श्रेणींच्या बाहेर होता. कहाणी येथेच संपावयाची. परंतु त्याच वर्षी चौथ्या श्रेणीतील मॅन्सफील्डने त्याला बोलावले. तरुणपणी उजव्या बगलेने मुसंडी मारणारा हा गडी आता बचावफळीत उभा राहू लागला आणि व्यवस्थापकाचा सहायक म्हणूनही राबू लागला. येथेच त्याने टेरी पेनचा ८२४ सामन्यांचा विक्रम मागे टाकला. पेन हा १९६६ च्या विश्वविजेत्या इंग्लंड संघातील खेळाडू! पुढे रॉचडेलकडून खेळून फोर्डने बूट उतरविले. ‘एम.बी.ई.’ हा ब्रिटिश किताबही त्याला लाभला.

आपल्याकडे मुलाचा पहिला वर्ग हुकला की घरात सुतकी कळा पसरते. त्या मुलाला आम्ही फोर्डची हकीकत अवश्य सांगू. पहिली पंगत प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. पण ती लाभली नाही म्हणून त्याने हातचे काम कधी हलके मानले नाही. सव्वीस वर्षे प्रत्येक शनिवारी तो त्याच निष्ठेने बुटांच्या नाड्या बांधीत राहिला. आमच्या मते कर्तबगारी म्हणतात ती हीच.