भाता ओढल्याचा दंड

वाईच्या वाटेवर एकदां आमच्या सायकलची साखळी तुटली, तेव्हां एका खेड्यांतील लोहारानेंच आमची अब्रू राखली. परंतु लोहाराचें साहाय्य घेणें हाच अपराध ठरावा, असा प्रसंग एका फ्रेंच सायकलस्वारावर आला होता.

इ. स. १९१३ मधील ‘तूर द फ्रान्स’ ही फ्रान्स-प्रदक्षिणेची शर्यत. पिरेनीज पर्वतांतील तूरमाले घाट उतरतांना युजीन क्रिस्तोफ याच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. पंक्चर असतें तर रस्त्यांत बसून काढतां आलें असतें. चिमट्याला भट्टीच हवी. सायकल खांद्यावर घेऊन तो दहा-बारा किलोमीटर पायीं उतरला व सेंत-मारी-द-कांपां गांवच्या लोहारशाळेंत शिरला. शर्यतीचा नियम असा कीं, दुरुस्ती स्वहस्तेंच करावी. आणि पंच तर डोळ्यांत तेल घालून पाहत होते! पूर्वीं तो कुलुपें बनविण्याचें काम करी, ती विद्या येथें कामास आली. पण एका हातांत सांडशी, दुसऱ्यांत हातोडा. मग भाता कोणीं ओढावा? तो एका लहान पोरानें ओढला, आणि त्यासाठीं क्रिस्तोफला दहा मिनिटांचा दंड झाला.

आम्ही आयुष्यभर परीक्षागृहांत पहारा केला आहे. नियमाची बूज आम्हांस कळते. तरी दोन हातांच्या मनुष्यानें तीन हातांचें काम कसें करावें, हें पंचांनीं सांगावयास हवें होतें. आमच्या घरीं यावरून दोन तट पडले आहेत. सूनबाई पंचांच्या बाजूच्या.

कित्येक तास गमावूनहि क्रिस्तोफ त्या शर्यतींत सातवा आला. पुढें १९१९ सालीं, अग्रेसराचा पिवळा सदरा अंगावर असतां, त्याचा चिमटा पुन्हां मोडला. तोहि त्यानें स्वतःच सांधला.